पाचव्या चाकाची हवा

मुलीनं नवी गाडी घेतली तेव्हा जावयांनी हौसेनं सेन्सरची टोपणं आणली. चाकाच्या वाल्ववर टोपण बसवायचं की कोणत्या चाकात किती हवा आहे ते आत छोट्या पडद्यावर दिसतं. टोपणं चार, चाकं चार. मी विचारलं, "आणि स्टेपनीचं?" जावई हसले. "आई, ती डिक्कीत पडून असते. तिची हवा कुठं जाणार?" मी सांगून टाकलं की पाचवं टोपण बसल्याशिवाय मी या गाडीत पाय ठेवणार नाही. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. म्हातारपणी माणूस हट्टी होतं, असं त्यांच्या मनात आलं असणार. मी तर लहानपणापासूनच हट्टी आहे. शिवाय डिक्कीत पडून असलेल्या स्टेपनीची हवा कुठं जाते हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण एकदा ती मीच सोडली होती.

नव्वदच्या आगेमागेची गोष्ट. लग्न होऊन मला वर्ष झालं होतं. सासर अंबड तालुक्यातलं, वडीगोद्रीच्या पुढं गोदाकाठाकडे. सासऱ्यांना मी मामा म्हणायची. मामा शेती करायचे, पण त्यांचा जीव होता एका डॉक्टरांकडून घेतलेल्या जुन्या पांढऱ्या मोटारीत. हवा मोजायचं यंत्र त्यांच्याकडे नव्हतं आणि त्याची त्यांना गरजही वाटत नव्हती. दर गुरुवारी ते सासूबाईंची धुणं बडवायची मोगरी उचलायचे आणि चारी चाकांवर एकेक ठोका द्यायचे. टणक आवाज आला की मान डोलवायची, भद्द वाजलं की पंप काढायचा.

"धुनं पडलंय ढीगभर अन् मोगरी चालली टायराला!" सासूबाई ओट्यावरून ओरडायच्या.

"जरा दम धर. टायर बोलून राह्यलंय," मामा कान लावूनच म्हणायचे.

स्टेपनीला मात्र त्यांनी कधी ठोका दिला नाही. "तिच्यावर कधी बोजा पडला न्हाई, तिला काय व्हतंय?" असं त्यांचं म्हणणं. एवढा चोखंदळ माणूस, पण दिव्याखाली अंधार.

त्या वर्षी रामनवमीला आम्ही सगळे जांबला रामाच्या दर्शनाला निघालो. सासूबाईंना बाहेरचं पाणी चालत नसे, म्हणून गाडीत घरचा भरलेला माठ असायचा आणि तो धरून बसायचं काम सुनेचं. आधीच्या दोन प्रवासांत माझी नवी पातळं भिजली होती. या वेळी मी डोकं चालवलं. डिक्कीत आडवी पडलेली स्टेपनी म्हणजे आयती चुंबळच की! माठ तिच्यावर ठेवून बघितला. टायर इतकं टणक की माठ डुगडुगायला लागला. मग चुलीजवळची काडीपेटी आणली, एक काडी वाल्वमध्ये दाबली. सूं करून थोडी हवा गेली, टायर मऊ झालं आणि माठ अंड्यावरच्या कोंबडीसारखा बसला. काढताना काडीचं टोक मोडून आतच राहिलं. मी म्हटलं राहू दे, वर टोपण आहेच. जांबला पोचून मामांनी डिक्की उघडली तर थेंब सांडला नव्हता. "सुनंला डोस्कं हाय," सासूबाई भर देवळात म्हणाल्या आणि मी फुगले. हवा काढल्याचं कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे हेच मला कळलं नव्हतं.

पुढं वैशाखात धाकट्या नणंदेला शिक्षिकेच्या नोकरीच्या मुलाखतीचं पत्र आलं. जालन्याला, सकाळी अकराला. ही तिची शेवटची संधी होती. डीएड होऊन तीन वर्षं ती घरी होती आणि एक स्थळ दारात येऊन बसलं होतं. मामांनी तिला शब्द दिला होता, "नोकरी लागली तर तुझ्या मनासारखं, न्हाई तर दिवाळीनंतर लगीन." त्या पोरीनं महिनाभर गोठ्यातल्या म्हशींपुढं उभं राहून धडे शिकवले होते. सोबत म्हणून मी निघाले, कारण कचेरीत बोलताना मामांची जीभ अडखळायची आणि माझी कुठंच अडखळत नाही, अशी घरात ख्याती होती.

वडीगोद्री मैलभर राहिलं असेल, तोच मागचं चाक बसलं. मामा शांत होते. "स्टेपनी कशाला हाय मंग?" म्हणत त्यांनी जॅक लावला, चाक उतरवलं, स्टेपनी काढली आणि सवयीनं सोबत घेतलेल्या मोगरीचा तिला पहिल्यांदाच ठोका दिला.

भद्द.

मामांनी पुन्हा ठोका दिला. पुन्हा भद्द. मोडलेलं टोक आठवलं, माठ आठवला, "डोस्कं हाय" तेही आठवलं. पंप घरी राहिला होता. लग्नसराई होती, दोन एसट्या खच्चून भरून न थांबता गेल्या, जीपांत वऱ्हाडं. नणंद सर्टिफिकेटांची पिशवी छातीशी धरून उभी होती. "वैनी, आता न्हाई जमत," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरले. मला तिच्याकडे बघवेना.

मोगरी काखेत मारून मामांनी स्टेपनी रस्त्याच्या कडेनं वडीगोद्रीपर्यंत घरंगळत नेली आणि आम्ही दोघी मागून पदर सावरत पळत गेलो. पंक्चरवाले चाचा टपरीपुढं बाजेवर बसले होते. "लाईट नही है बेटा. मशीन बंद. हातपंप है, मगर मेरा खांदा काम से गया," ते म्हणाले. मामा वाल्वपाशी वाकले आणि नखानं बराच वेळ काहीतरी उकरत बसले.

"हवा किसीने छोडी क्या?" चाचांनी विचारलं.

"सोडतंय कोन? कचरा अडकला जरासा," मामा म्हणाले आणि हात खिशात घालून उठले.

मी पदर खोचला आणि पंपाची मूठ धरली. मामा पुढं आले, त्यांना मी हात लावू दिला नाही. नणंद पुढं आली, तिला म्हटलं, तुझी साडी चुरगळेल, तू लांब हो. किती वेळ मारला ते मोजलं नाही. हातांना फोड आले, अंबाडा सुटला, शेजारी चहा प्यायला आलेले दोन ड्रायव्हर कप हातात धरून बघत राहिले. मामा मधूनमधून मोगरी मारून बघायचे आणि मान हलवायचे. शेवटी एकदाचा टणक आवाज आला. इतका गोड आवाज मी आजवर ऐकलेला नाही.

स्टेपनी परत नेऊन गाडीला बसवली आणि जालन्याला पोचलो तेव्हा नणंदेच्या आधीची मुलगी आत गेली होती. मी थुंकी लावलेल्या पदरानं नणंदेच्या गालावरची धूळ पुसली आणि तिला आत ढकललं. बाहेर आली ती हसतच. पावसाळ्याच्या तोंडाशी तिच्या नोकरीचं पत्र आलं. दारातलं स्थळ दुसऱ्याच्या दारात जाऊन बसलं.

आणि माझे हाल सुरू झाले. मामा येईल त्याला सांगायचे, "सूनबाईनं पंप मारला म्हनून पोरगी बराबर टायमाला पोचली. बिलकुल कुनाला हात लावू दिला न्हाई!" पाहुणे माझ्याकडे कौतुकानं बघायचे. नणंद तर प्रत्येकाला माझ्या हातावरचे फोडांचे डाग दाखवायची. चोरालाच पेढे भरवावेत, अशी माझी गत. शेवटी एका संध्याकाळी ठरवलं, मामा परतूरच्या बाजारातून आले की सांगून टाकायचं, मग जे होईल ते होवो.

मामा आले. मी चहा घेऊन समोर गेले. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी पिशवीतून एक वस्तू काढून माझ्यापुढं धरली. सुतळीची जाडजूड नवी चुंबळ होती, चांगली परातीएवढी. एवढी मोठी चुंबळ बाजारात तयार मिळत नाही, ती सांगून करून घ्यावी लागते.

"माठ ह्याच्यावर ठेवत जा," मामा म्हणाले. "डिक्कीत बराबर बसतंय."

माझे डोळे भरून आले. "मामा, ती काडी..."

"कोन्ती काडी?" मामा म्हणाले. चहा एका घोटात संपवून त्यांनी मोगरी उचलली आणि स्टेपनीला ठोका द्यायला गेले.