वकिलातीच्या कुंपणावरची फुलं

एका परक्या देशाच्या वकिलातीतून मी फुलं चोरली आहेत. एकदा नव्हे, सलग बारा दिवस. तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांची होते, म्हणजे अक्कल यायचं वय उलटून गेलं होतं. नातवंडांना सांगितलं की ती म्हणतात, आजी थापा मारते. म्हणून लिहूनच ठेवते.

२००४ चा उन्हाळा. आमचे हे जाऊन सहा महिने झाले होते. आई एकटी नको म्हणून मुलानं मला वॉशिंग्टनला आणलं. तो राहायचा वकिलातींच्या वस्तीत, एका जुन्या इमारतीच्या तळघरात. बाहेर रस्त्याच्या दोन्ही अंगांना राजेशाही घरं, प्रत्येकावर वेगळा झेंडा, दाराशी पितळी पाटी, आणि माणूस एकही नाही. काळी गाडी यायची, फाटक आपोआप उघडायचं, आपोआप मिटायचं. साताऱ्यात गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जायला मला अर्धा तास लागे, इतकी माणसं अडवत. इथे अख्खा रस्ता वीस मिनिटांत संपायचा.

घरात सून होती. पुण्यात बँकेत साहेबीण होती, इथे तिला नोकरीची परवानगी नव्हती. दिवसभर दार लोटून कॉम्प्युटरपुढे बसलेली असायची. मी ठरवून टाकलं, हिला माझी अडचण होते. तिला विचारलं का? छे, मी कसली विचारते. ती म्हणायची, "आई, चहा?" मी म्हणायचे, "चालेल." दिवसाचं बोलणं तिथेच संपायचं.

श्रावण लागला आणि मला फुलांची आठवण झाली. देव बरोबर आणलेच होते, बॅगेत चिवड्याच्या डब्याशेजारी. एका वकिलातीच्या कुंपणावर जास्वंदीची चुलतबहीण शोभेल असं झाड होतं, जांभळट फुलांचं. आमच्याकडे नियम साधा: कुंपणाबाहेर डोकावलं ते फूल देवाचं. आठवड्याभरात बाहेरची फुलं संपली. मग मी छत्रीच्या मुठीनं आतली फांदी ओढून तिला बाहेर डोकावायला लावू लागले.

बाराव्या दिवशी फांदी हातात असतानाच मागून हाक आली, "मॅम." वळून पाहिलं तर पोलीस, कमरेला पिस्तूल.

"पिशवीत काय आहे?"

"फ्लॉवर. फॉर गॉड."

"कुणाला विचारून तोडलीत?"

माझं इंग्रजी तेवढ्यावरच थांबलेलं. मी पुन्हा म्हटलं, "गॉड."

त्यानं घराचा पत्ता विचारला. तो मला कुठे येत होता? रस्ता पायांना ठाऊक होता, नंबर कुणालाच नव्हता. शेवटी त्यानं मला गाडीत मागे बसवलं आणि मी बोटानं डावी-उजवी दाखवत निघाले. त्या पाच मिनिटांत मी त्याला ह्यांचं आजारपण सांगितलं, साताऱ्याची थंडी सांगितली, सुनेचं बंद दारही सांगितलं. अर्ध्याहून जास्त मराठीतच. तो दर वेळी म्हणायचा, "ओके, मॅम." अडीच महिन्यांत माझं इतकं कुणी ऐकून घेतलं नव्हतं. खरं सांगते, घर आलं तेव्हा मला वाईट वाटलं.

त्यानं बेल वाजवली. सुनेनं दार उघडलं. अंगात गाऊन, केस मोकळे. समोर पोलीस, त्याच्या मागे सासू, सासूच्या हातात छत्री. ती क्षणभर पांढरी पडली, पण मग त्याच्याशी शांतपणे बोलली, माफी मागितली. त्यानं फुलांची पिशवी तिच्या हातात दिली, पुन्हा असं नको म्हणाला आणि गेला.

मी चपला न काढता पायपुसण्यावरच उभी. आता मुलाला फोन जाणार, मग तिकीट निघणार, मग साताऱ्यात सगळे विचारणार, इतक्या लवकर कशा परत आलात? 'तुम्हाला त्रास नको, मीच जाते' हे वाक्य मी गाडीतून उतरतानाच जुळवून ठेवलं होतं.

सुनेनं दार लावलं आणि त्याला पाठ टेकून उभी राहिली. पिशवीत डोकावली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली,

"आई, पावणेदोन वर्षं झाली मला या घरात. बेल आज पहिल्यांदा वाजली. ती चालू आहे हेसुद्धा मला माहीत नव्हतं. त्याला चहाला तरी थांबवायचं होतंत."