खांबावरची तार

नसीम गेल्याचं मला तिच्या भावाने, अश्रफभाईने, फोनवर सांगितलं. दुपारची वेळ, मी मानकोलीला घरीच तांदूळ निवडत होते. "वैशू, नसीम गेली गो... त्या बिल्डिंगच्या जिन्यावर," एवढंच तो बोलला. कुठल्या बिल्डिंगच्या, हे मला विचारावं लागलं नाही.

भिवंडीच्या कॉलेजात फिजिक्सला आम्ही एका बाकावर होतो. ती कोकणी मुसलमान, कापडाचे लूम चालवणाऱ्यांच्या घरातली, मी आगऱ्यांची. लहानपणच्या तापाने तिचं हृदय कमजोर झालेलं, पण ते तिच्या बोलण्यात कधी यायचं नाही. पुढे मी शाळेत शिकवू लागले आणि ती मुंबईच्या एका प्रयोगशाळेत चुंबकीय तारा बनवायला शिकली. वडिलांचे लूम बंद पडले तेव्हा त्या रिकाम्या शेडमध्ये तिने स्वतःचं यंत्र मांडलं. काचेच्या नळीत मिश्रधातूचा तुकडा, भोवती तांब्याचं वेटोळं. वेटोळ्यातून वीज सोडली की धातू वितळतो, त्याच्या धगीने काच मऊ होते आणि दोन्ही एकत्र खाली ओढायचे. पाण्याच्या धारेत ती तार इतकी झटकन थंड होते, की आतल्या अणूंना रांगेत बसायला सवडच मिळत नाही. केसाहून बारीक, काचेचं आवरण घातलेली ती तार रिळावर चढताना नसीम श्वास रोखून बघत राहायची. तुटली की पुन्हा पहिल्यापासून.

दुकानातल्या कपड्यांना चोरी टाळायला जे टॅग लावतात, त्यांत अशा तारा चालतात. तिने आधी तेच काम धरलं होतं. मग तिची खाला, म्हणजे मावशी, राहत होती ती इमारत कोसळली. ढिगाऱ्यातून खालाचा देह बाहेर काढला तेव्हा नसीम तिथेच उभी होती. खांबाला तडा गेल्याचं सगळ्यांना माहीत होतं, त्यावर प्लास्टर मारून झालं होतं... त्यानंतर तिने टॅगचं काम सोडलं. ताण आला की या तारेचं चुंबकत्व बदलतं आणि ते हात न लावता बाहेरून मोजता येतं. ती जुन्या इमारतींच्या खांबांवर तारा चिकटवू लागली.

शेडच्या मागच्या चार मजली इमारतीत एका खांबावरचा आकडा सरकू लागला, म्हणजे खांबावरचा ताण वाढत होता. नसीम घरोघर सांगत फिरली. मालकाने सगळ्यांसमोर विचारलं, उन्हानेही हा आकडा हलतो ना? तिला खोटं बोलता येईना, हो म्हणाली. उन्हाचा फरक वजा करून तिने पुन्हा मोजलं, आकडा तरी वरच जात होता. पण तोवर ऐकणारे उठून गेले होते. सरकारी कचेऱ्यांत सांगण्यात आलं, ही पद्धत मान्यताप्राप्त नाही. भाडेकरू बहुतेक लूमवर शिफ्ट करणारे, परमुलखातले. दुसऱ्या मजल्यावरची रझिया तिला बाजी, म्हणजे ताई म्हणायची. तिने शांतपणे विचारलं, "बाजी, निकल तो जाएँ... पर जाएँ कहाँ?"

या प्रश्नाने नसीमची झोप उडाली. राहनाळपर्यंत गोदामवाल्यांकडे ती रिकामी जागा मागून आली. कुणी दिली नाही. जिना चढताना तिला धाप लागायची. मी म्हटलं, आता तू घरी बस, मी जाते.

"मला दिसतंय गो," ती म्हणाली. "दिसत असून घरी कशी बसू?"

त्या सकाळी तिने मला फोन केला. यंत्र उचलायचं, शेड रिकामी करायची, त्या लोकांना तिथे आणायचं असं तिने ठरवलं होतं. आयुष्यभराचं काम ती एका वाक्यात मोडत होती आणि आवाजात कित्येक महिन्यांनी उत्साह होता. हेच रझियाला सांगायला ती निघाली, आणि पहिल्या मजल्याच्या वळणावर कोसळली. ज्यांना बाहेर काढायला ती गेली होती, त्यांनीच तिला उचलून बाहेर आणलं.

दफन झाल्यावर अश्रफभाईने आणि मी ते यंत्र सुटं केलं. रझियाचं कुटुंब आणि आणखी एक घर शेडमध्ये आलं. बाकीचे आले नाहीत. बाजीच गेली, आता कशाला, असं काहीजण म्हणाले.

शाळा सुटली की मी तिथे जाते. तार खांबावर आहे, आकडा चढतोच आहे. मग एकेका दारावर थाप मारते. आतून विचारतात, कोण? मी माझं नाव सांगत नाही, नसीमकडून आलेय म्हणते. दार उघडतात, पाणी देतात, सगळं नीट ऐकून घेतात... आणि तिथेच राहतात.