टिळ्याची पट्टी

इचोड्यात पंपाच्या जळालेल्या मोटारी तार गुंडाळून भरून देणारा महिपत १९९३ साली व्हिडिओ गेमच्या नादी लागला आणि घरच्यांनी कपाळाला हात लावला. ढाब्याशेजारच्या टपरीत त्याने गेमची एक लाकडी पेटी मांडली होती. पण तोच तो गेम खेळून गिऱ्हाईक विटलं. गेम बदलायचा म्हणजे त्याच्या सर्किटची नवी प्लेट आणा, वर पेटीतल्या सगळ्या तारा पुन्हा जोडा, कारण प्रत्येक कंपनीची तऱ्हा निराळी.

थोरला भाऊ अमृतराव बोथहून आला की म्हणायचा, "त्या खोक्यात कोंबड्या कोंड अन् दसरा झाला की माह्या दुकानात वायंडिंगले बस." महिपतला भावाच्या हाताखाली बसायचं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी त्याचं स्वतःचं होतं.

नागपूरला एका व्यापाऱ्याने त्याला गंमत सांगितली. आता बहुतेक प्लेटांच्या कडेला सोनेरी दातांची एकसारखी ओळ येते. कुठल्या दाताला वीज, कुठल्याला आवाज, कुठल्याला लाल रंग, हे जपानवाल्यांनी एकदाच ठरवून टाकलंय. पेटीत त्या बेताने तारा ओढल्या की झालं. पुढे एक प्लेट काढायची, दुसरी खोचायची. महिपत इतका हरखला की परतताना एसटीत शेजारच्याला तेच समजावत बसला. शेजारचा केव्हाच झोपला होता.

दसऱ्यापर्यंत तारा ओढून झाल्या. सकाळी त्याच्या बायकोने, भागाबाईने, पकड, मीटर, मोटारी यांच्यासोबत नागपूरहून आणलेल्या नव्या प्लेटचीही पूजा केली. दुपारी अमृतराव सोनं द्यायला आला. त्याच्यासमोर महिपतने प्लेट खोचली, बटण दाबलं. आवाज आला, चित्र आलं, पण लाल रंगाचा पत्ता नाही. गेममधली आगसुद्धा हिरवी.

"ह्या माणसाईले शेवाळ चढलं काय?" अमृतराव म्हणाला.

महिपतने लालची तार तपासली. शाबूत होती. म्हणजे प्लेटच गेली. त्याने बटण बंद केलं. "भागा, आवरून टाक. येतो मी दादाच्या दुकानात."

भागाबाईने प्लेट उपसली आणि तशीच उभी राहिली. "आवं, मी टिळा कुठं लावला पाहा."

तेलात कालवलेलं कुंकू नेमकं लाल रंगाच्या सोनेरी दातावर बसून जोडणी अडवत होतं. ती सोनेरी ओळ तिला दागिना वाटली होती. त्या दिवशी घरात खलबत्त्यालाही टिळा होता, त्यामुळे प्लेटवरचा टिळा महिपतच्या नजरेने टिपलाच नव्हता.

स्पिरिटच्या फडक्याने दात पुसले, प्लेट पुन्हा खोचली. आग लाल झाली. महिपतचे डोळे भरून आले आणि ते त्याने लपवले नाहीत.

"रागावले काय?" भागाबाईने विचारलं.

"नाई वं. पण टिळ्याले जागा पायजे, मलेच सुचलं नाई."

अमृतराव पुढे सरकला. "सरक जरा. खेळू दे मले."

पुढे नेरडीगोंड्याच्या टपरीवाल्यानेही महिपतकडूनच तारा ओढून घेतल्या. अमृतरावाने तर वायंडिंगच्या दुकानातच पेटी मांडली. सगळ्या पेट्यांचं वायरिंग एकच, म्हणून प्लेटा ओळखीच्या ट्रकांतून हायवेने गावोगाव फिरू लागल्या. महिपत प्रत्येक प्लेटला, दातांपासून लांब, लाकडाची एक छोटी पट्टी बसवायचा. टिळा तिथे लावायचा.

काही वर्षांनी ती पहिली प्लेट फिरून दसऱ्याला घरी आली. पट्टीवर नेरडीगोंड्याचं कुंकू होतं, बोथचं होतं, ती पार भरून गेली होती. भागाबाई कुंकवात बोट बुडवून जागा शोधत राहिली.

महिपतने उठून थोडी मोठी पट्टी कापायला घेतली.