हिंगाची डबी

कात्रपला एका बिल्डिंगच्या तळमजल्यावर माझी बालवाडी आहे. तिथे माझा एकच नियम: मुलाने उत्तर दिलं की आधी ते खरं धरायचं. ‘चूक’, ‘असं कसं’, ‘नीट बघ’ हे माझ्या वर्गात चालत नाही. यावरून पालकांशी माझी खडाजंगी होते. होऊ दे.

थंडीत आमच्याकडे सकाळी जवळच्या केमिकल कंपन्यांचा वास येतो, सडक्या अंड्यांसारखा. लोक नाकाला रुमाल लावून कामाला जातात, झालं. पण त्या दिवशी वास इतका उग्र होता की आमच्या मदतनीस मावशी म्हणाल्या, “टीचर, आज काहीतरी वेगळंच आहे हो.” आम्ही खिडक्या लावून घेतल्या. थोड्या वेळाने वास गेला. हुश्श करून मी मुलांना गोल बसवलं.

वासाचा खेळ होता. डोळ्यांवर ओढणी बांधायची, डबी नाकाशी धरायची आणि आत काय आहे ते मुलाने सांगायचं. लसूण, साबण, कॉफी, हिंग. हिंगाची डबी सगळ्यांची लाडकी, कारण ती आली की ‘ईऽऽ’ करून ओरडता यायचं.

पहिली आली आमची चार वर्षांची बडबडी. कोणाच्या डब्यात काय आहे ते झाकण उघडायच्या आत सांगणारी पोरगी. मी हिंग धरला.

“काहीच नाही,” ती म्हणाली.

‘अगं, नीट हुंग ना’ हे अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं. पुढच्याला डबी दिली. तोही म्हणाला, काहीच नाही. तिसरा म्हणाला, “टीचर, डबी रिकामी आहे.” मी स्वतः हुंगून बघितलं. हिंग समोर दिसत होता आणि वास नव्हता.

बाहेरचा वास गेलाच नव्हता. त्या गॅसने आमची नाकं गेली होती.

“मावशी, दोरी काढा! आत्ताच्या आत्ता!” फिरायला जाताना मुलं ओळीने धरतात ती दोरी. मुलं खूश, बिचारी खिदळत टेकडीच्या रस्त्याने निघाली. बडबडी मात्र चटईवर आडवी झाली होती. “मला झोप येते,” म्हणाली. तिला उचललं तर मान खांद्यावर नुसती लोंबत होती. देवा, तेवढा चढ मी कशी चढले मला ठाऊक नाही. वर मोकळ्या वाऱ्यात ती ओकली आणि मग भोकाड पसरून रडली. ते रडणं ऐकून मीही रडले.

डॉक्टरांनी सगळ्यांना तपासून घरी सोडलं. गॅस आमचा, असं एकाही कंपनीने कबूल केलं नाही. वर एक पालक मला विचारतात, “वास तर येत नव्हता ना? मग एवढा तमाशा कशाला?” अस्सा संताप आला म्हणून सांगू!

काही दिवसांनी पुन्हा खेळ मांडला. हिंग आला की एकेक जण ‘ईऽऽ’ करून ओरडला, आणि माझा जीव भांड्यात पडत गेला. शेवटी बडबडीची पाळी. तिची आई दारातच उभी होती.

“काहीच नाही,” ती म्हणाली.

“नाटकं करते हो, टीचर,” आई हसत म्हणाली. “घरीपण असंच करते.”

मी डबी माझ्या नाकाशी नेली. वास सणकन डोक्यात गेला.