उरलेले तीनशे मीटर

बालीसमोरच्या बान्युवांगी गावात पोहण्याच्या तलावावर रविवारी दुपारी नुसती पोरांची झुंबड असते. वार्सिनी मुद्दाम त्याच वेळी यायची. पोरांच्या लाथा, कोपरं, थेट पाठीवर पडणाऱ्या उड्या, सगळं सोसत पन्नास-पन्नास मीटरच्या फेऱ्या मारायची. लाटा काही बाजूला सरून वाट देत नाहीत, मग पोरांनी तरी का द्यावी?

इतर दिवशी ती सायकलची ट्यूब कमरेला बांधी, दुसरं टोक लोखंडी शिडीला, आणि तासभर जागच्या जागी पोहत राही. बालीच्या सामुद्रधुनीत पाण्याची ओढ माणसाला अशीच मागे खेचते. तलावाचा रखवालदार मिस्नान हसायचा.

"मावशी, दाव्याला बांधलेल्या शेळीसारखं काय चाललंय? चारा टाकू का?"

"टाक. शिंगं कुणाला लागतात ते मग बघशील."

सत्तेचाळीस वर्षांची बाई. सकाळी दहापर्यंत बंदराच्या फाटकाबाहेर केळीच्या पानात बांधलेला भात आणि मासळीचं तिखट विकायची आणि दुपारी पायघोळ काळा पोशाख, डोक्याला घट्ट टोपी घालून पाण्यात उतरायची. या वयात हा सोस कशाला, असं लोक विचारत. ती सांगायची, "गुडघे दुखतात." गुडघे ठणठणीत होते. दुखणं वेगळंच होतं.

एकोणीस वर्षांची असताना ती सामुद्रधुनी पोहून जाण्याच्या शर्यतीत उतरली होती. हार्जितो सर तिचे गुरू. त्यांची भाची पालुपी त्याच शर्यतीत होती आणि वार्सिनीच्या मागे, हाकेच्या अंतरावर होती. पलीकडचा किनारा तीनशे मीटरवर आला, वाळूवरची माणसं दिसायला लागली, तेवढ्यात सरांची बोट जवळ आली. त्यांनी वाकून तिचं मनगट धरलं आणि तिला वर ओढून घेतलं. बोटीला अंग लागलं की शर्यत संपली, हा नियम. पालुपी पहिली आली. सरांनी सगळ्यांना सांगितलं, "पोरगी घाबरली. आई गं, आई गं करून रडायला लागली. करतो काय?"

त्या दिवसापासून बंदरावरचे हमाल तिला 'आईगं' म्हणू लागले. लग्नाच्या मांडवातही कुणीतरी तशी हाक मारली. नवरा होता तोवर भांडणात त्याचं शेवटचं हत्यार हेच. अठ्ठावीस वर्षं तिने हे गिळलं, पण पचवलं मात्र नाही.

हार्जितो सर आता बहात्तरचे. शर्यतीच्या समितीचे प्रमुख. रोज दुपारी तलावाच्या कडेला खुर्ची टाकून शिकवण्या घेत. टोपी आणि चष्म्यामुळे त्यांनी तिला ओळखलंच नाही. एकदा स्वतःहून ओरडले, "अहो बाई, कोपर वर! हात पाण्यात आपटू नका, सरकवा!"

वार्सिनीने कोपर वर उचललं. फेरीला चार हात कमी लागले. तिला इतका आनंद झाला की पाण्यातच हसू फुटलं. ज्याचा गळा कापायचा त्यानेच सुरीला धार लावून दिली होती. मग रोज ती त्यांच्या खुर्चीसमोरूनच पोहू लागली. म्हातारा फुकटात शिकवत राहिला.

यंदाच्या शर्यतीतल्या नावांची यादी लागली त्या दिवशी म्हातारा तलावाच्या कडेशी येऊन उभा राहिला.

"वार्सिनी म्हणजे कोणती?"

तिने चष्मा कपाळावर चढवला. "तुम्ही ओढून काढलेली."

त्याने वाकून तिचा चेहरा नीट पाहिला. मग म्हणाला, "या वयात जिवाशी खेळ नको. नाव मागे घे."

"सर, माझ्या अजून वीस फेऱ्या राहिल्यात," ती म्हणाली आणि भिंतीला लाथ मारून निघून गेली.

शर्यतीच्या दिवशी अर्ध्या वाटेपर्यंत पाणी शांत होतं. पुढे ओढ सुरू झाली. मानेवर जेलीफिशचा चटका बसला, खांदा भरून आला. किनाऱ्यावरची देवळाची कमान दिसत होती, पण जवळ येत नव्हती. नेमकी तेव्हाच बोट आली. नाकात डिझेलचा वास शिरला, आणि मग तोच आवाज.

"पुरे झालं, वार्सिनी. चढ वर." त्याने हात पुढे केला होता.

"हात लावाल तर खाली ओढीन," ती धापा टाकत म्हणाली. "आणि वर येऊ देणार नाही. पोहून दाखवा मग."

बोटवाल्याने सरांकडे पाहिलं. सरांनी हात मागे घेतला.

ती सदतिसावी आली. पाय वाळूला लागले तेव्हा गुडघ्यांवर रांगतच बाहेर पडली. मंचावर पालुपी पोहून आलेल्यांच्या गळ्यात पदकं घालत होती, अंगाने सुटलेली, केस पिकलेले. ध्वनिक्षेपकावर हार्जितो सर बोलत होते, "या आमच्या जुन्या शिष्या. तेव्हा बिचाऱ्या घाबरल्या, आईला हाका मारल्या. पण आज..."

वार्सिनीने त्यांच्या हातातून माइक काढून घेतला. पदकासाठी मान वाकवली नाही.

"पालुपी, तू मागेच होतीस. मी रडले होते का गं?"

मीटबॉलच्या गाड्यांवरची माणसंसुद्धा वळून बघू लागली. पालुपीच्या हातात पदक तसंच लोंबत होतं. तिने मामाकडे पाहिलं नाही.

"नाही," ती म्हणाली. "रडली नव्हती. मामांनी ओढली."

हार्जितो सर काहीतरी बोलले, पण माइक वार्सिनीकडे होता. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. कुणीतरी त्यांना हाताला धरून मंचावरून उतरवलं. वार्सिनी ते शेवटच्या पायरीपर्यंत बघत राहिली. एक क्षणही नजर वळवली नाही. मग गाडीवर जाऊन दोन वाट्या मीटबॉल खाल्ले, भरपूर तिखट घालून.

समितीने नवा प्रमुख नेमला. सरांनी तलावावर येणं सोडलं, अंथरूण धरलं म्हणे. मिस्नानला वाईट वाटत होतं.

"मावशी, म्हातारा माणूस. माफ करून टाकायचं."

"मागितली का त्यांनी माफी?"

मिस्नान डोकं खाजवत राहिला. "तसं काही ऐकलं नाही बुवा."

"मग?" वार्सिनी म्हणाली, आणि टोपीत केस खोचू लागली.