आजोबांना तुमचे ओठ दिसावेत म्हणून

रविवारी तुम्ही फोनच्या पडद्यावर आलात की आजोबा आपली खुर्ची माझ्याही पुढे ओढतात. त्याचं कारण तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. त्यांना आता कमी ऐकू येतं. कानातलं यंत्र आहे, पण ते लावलं की पंखाच जास्त ऐकू येतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते तुमचे ओठ बघतात. ओठ नीट दिसले तर त्यांना सगळं कळतं. चित्र अडकलं की तुमचं तोंड उघडंच राहतं आणि इकडे आजोबा अंदाजाने हसतात.

या पावसाळ्यात चित्र फारच अडकायला लागलं. तुमच्यातली धाकटी रडत रडत खरचटलेलं कोपर दाखवत होती आणि आजोबा म्हणाले, "वा, छान!" मी मोठ्याने खरं काय ते सांगितलं, तेव्हा त्यांचा चेहरा पडला. पुढच्या रविवारी ते पेपर घेऊन गॅलरीत जाऊन बसले.

"अहो, मुलं वाट बघतायत."

"तूच बोल. मला नंतर थोडक्यात सांग."

तेव्हा मी ठरवलं, हे असं चालायचं नाही.

इंटरनेट कंपनीच्या फोनवरची मुलगी म्हणाली, "दारापर्यंत सगळं व्यवस्थित आहे, आत कुठेतरी अडतंय." म्हणून आम्ही शोकेस सरकवलं. मागे इंटरनेटच्या जास्तीच्या वायरची एक सुबक गुंडी होती. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत आजोबांनी ती गुंडाळली होती आणि वर मी मिठाईच्या खोक्यांची रबरं लावली होती. आपल्याकडे अशी रबरं टाकत नाहीत, दाराच्या कडीला अडकवून ठेवतात. गुंडी इतकी घट्ट आणि देखणी झाली होती की शेजारणीला मुद्दाम दाखवली होती.

मोडेमच्या खोक्यातला कागद मी जपून ठेवला होताच. तो आता नीट वाचला. वायरीच्या आत केसासारखा काचेचा तंतू असतो आणि त्यातून प्रकाश धावतो. तंतू फार वाकवला की प्रकाश वळणावरच बाहेर निसटतो. कागदावरचं माप पट्टीने मोजलं. आमटीच्या वाटीपेक्षा लहान वळसा चालणार नव्हता. आमची गुंडी लिंबाएवढी.

रबरं काढली. पण सैल वायर जमिनीवर ठेवली तर केरसुणीत अडकणार आणि शोकेसखाली चेपणार. तिला भिंतीवर स्वतःची पेटी हवी होती. शोकेसमागे आणखी एक गोष्ट सापडली. मोडेमच्या प्लगची विजेची वायर मध्येच जोडून नुसती काळ्या टेपने गुंडाळलेली होती आणि भिंतीला ओल. त्या सांध्यालाही बंद पेटी, म्हणजे जंक्शन बॉक्स, हवा होता.

आमटीची वाटी पिशवीत घालून मी बुधवार पेठेत विजेच्या सामानाच्या दुकानात गेले. दुकानदाराने एक चिमुकली पांढरीशुभ्र पेटी पुढे केली. मी ती उघडली आणि आत वाटी ठेवून बघितली.

"काकू, भांड्यांची दुकानं पुढच्या गल्लीत."

"वाटी बसेल अशी पेटी दाखवा."

"जेवायला बसणार का आत?"

"बसू. तुम्ही आधी मोठी काढा."

त्याने कुरकुरत आणखी पेट्या काढल्या. शेवटी एकीत वाटी बसली. तंतू सैल गुंडाळायला तिच्या आत गोल कडा होत्या. विजेसाठी मी जाड प्लॅस्टिकची घेतली, वायर शिरते तिथे रबरी कडं असलेली. टिचकीने उघडणारी दिसायला छान होती, पण मी स्क्रूच्या झाकणाची घेतली. विजेची पेटी सहज उघडता येऊ नये.

आमचा वायरमन जुना, तुमच्या बाबाच्या लग्नातलं लायटिंगही त्यानेच केलेलं. दोन्ही पेट्या बघून तो म्हणाला, "काकू, भिंतीला कशाला दोन दोन डबे? विजेच्याच डब्यात बसवतो सगळं. काका, खरं की नाही?"

आजोबांनी त्याचे ओठ वाचले आणि लगेच मान डोलावली. "मीही हेच म्हणत होतो. एक डबा, एक झाकण."

"उद्या कंपनीचा माणूस काचेची वायर बघायला डबा उघडेल," मी म्हटलं, "तेव्हा विजेचे सांधे त्याच्या हाताशी कशाला?"

वायरमनने डोकं खाजवलं. "हां, तेही आहेच. लावू दोन."

वायरी कुठून घ्यायच्या यावरून मात्र त्याने माझं चालू दिलं नाही. मला त्या वरून हव्या होत्या, शोकेसच्या कडेशी रेषेत. तो म्हणाला, "ओल वरून उतरते, काकू. भोक खालीच." मी रेष सोडून दिली. त्याने आधी भिंतीला भोकं पाडली, मग मेन स्विच बंद करून टेप सोडवली. आतली तांब्याची टोकं हिरवी पडलेली. ती छाटून त्याने नवा सांधा पितळी कनेक्टरमध्ये कसला आणि झाकण लावलं. पंखे बंद, दोघेही घामाघूम, तरी आजोबा शेजारी उभे राहून बॅटरी धरत होते. गॅलरीत गेले नाहीत, हे माझ्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या माणसाने काचेची वायर मोठ्या पेटीत आणली, सैल वळशांनी कडांभोवती फिरवली आणि टोक जोडलं. शोकेस आता भिंतीपासून चार बोटं पुढे उभं आहे. मला ते खटकतं, पण मागचं चेपत नाही.

मग रविवार आला. मी आजोबांना बोलावलं नाही. ते आपणहून खुर्ची घेऊन आले, पण जरा मागेच बसले. तुम्ही दिसलात, अगदी पापण्यांसकट. धाकटी हळूच, जवळजवळ कुजबुजत म्हणाली, "आजोबा, तुमच्या शर्टाचं बटण चुकलंय."

मी सवयीने मोठ्याने सांगायला तोंड उघडलं. तोवर आजोबांचा हात बटणाकडे गेला होता.

"तुझ्या आजीने बघायला हवं होतं," ते तिला म्हणाले आणि तुम्ही दोघं खदखदून हसलात. या वेळी ते नेमके तुमच्याबरोबर हसले. मग खुर्ची पुढे ओढत मला म्हणाले, "अगं, तू जरा सरक. मध्ये येतेस."

मी सरकले आणि चहा टाकायला उठले. माझ्यावाचून तुमचं अर्धा तास छान चाललं होतं.