वाचनालयात न वाचणाऱ्या वहिनी

वहिनी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी आमच्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाच्या सभेत बोलत होतो. वाचनालयाचा वाचकांना नेमका किती उपयोग होतो आणि तो कसा मोजावा, असा विषय होता. अनुदानासाठी तसे काही लिहून द्यावे लागणार होते, आणि चिटणीस या नात्याने ते काम माझ्याकडे आले होते. रोजची देवघेव, सभासदांची संख्या, मुक्तद्वार विभागात वर्तमानपत्रे चाळणाऱ्यांची गर्दी असे मुद्दे मी क्रमाने मांडत असताना माझ्या थोरल्या भावाच्या शेजारी राहणाऱ्या सावंतबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "तुमच्या वहिनी गेल्या हो," त्या म्हणाल्या. "दुपारी जरा पडते म्हणाल्या... त्या उठल्याच नाहीत." घाटकोपरच्या त्या ओळखीच्या गल्लीतून दादाच्या घराकडे चालताना दुःखाच्याही आधी माझ्या मनात आले, की वहिनी चक्क दुपारी पडल्या होत्या. माझ्या आठवणीत त्या दिवसाउजेडी कधी पडलेल्या नाहीत; बसलेल्यासुद्धा फारशा नाहीत.

दादा विक्रोळीच्या एका कारखान्यात टाइमकीपर होता. वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा मी कॉलेजात शिकत होतो, आणि आम्ही सारे त्याच दोन खोल्यांत राहत होतो. पुढे माझे लग्न झाले, मी दोन गल्ल्या सोडून जागा घेतली. पण माझी दोन्ही मुले जेवली ती बहुधा वहिनींच्याच हातून. भात भरवताना त्या गोष्ट सांगत, आणि ती गोष्ट ताटातला भात संपेपर्यंत बरोबर पुरत असे. एकदा मुलाने मध्येच अडवले, "काकू, राक्षस कुठे बेसनाचे लाडू खातो?" त्यावर वहिनी दादाकडे न बघता म्हणाल्या, "तुझे काका खातात ना? मग राक्षसाने काय पाप केलंय!" दादाही मोठ्याने हसला होता. तो दुष्ट माणूस नव्हता, हे मला आधीच लिहून ठेवले पाहिजे. पुढे जे घडले त्याचा दोष एकट्या त्याच्यावर टाकणे मला सोयीचे आहे, म्हणूनच.

आई मोरीत पडली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. ती पुन्हा उभी राहिली नाही. ती दादाकडेच होती आणि दादाकडेच राहिली. माझी जागा दुसऱ्या मजल्यावर, पत्नीची नोकरी, मुलांच्या परीक्षा... ही कारणे मी त्या वेळी इतक्यांदा दिली, की पुढे मला कोणी विचारणेच सोडून दिले. आईचे अंग पुसणे, कूस बदलणे, भरवणे, सारे वहिनींवर आले. आईला वाचून दाखवलेले फार आवडे. त्यामुळे संध्याकाळी दादा कामावरून आला, चहा झाला, की वहिनी कापडी पिशवीत पुस्तक टाकत आणि दारातून म्हणत, "पुस्तक बदलून येते." तेवढा वेळ दादा आईपाशी बसे. वाचनालय चालत पाच मिनिटांवर, पण वहिनींना परतायला तासभर लागे. त्याबद्दल कोणी काही बोलत नसे, कारण पुस्तक आईसाठी होते. सून सासूच्या कामाला बाहेर पडली होती.

त्या सुमारास घरोघरी टीव्ही आले, आणि संध्याकाळची आमची देवघेव रोडावू लागली. मी मंडळापुढे घरपोच पुस्तकांची योजना मांडली. आमचा शिपाई सायकलवरून पुस्तके घेऊन दारोदार जाऊ लागला, देवघेव पुन्हा चढली, आणि वार्षिक सभेत माझे कौतुक झाले. योजनेचे पहिले पुस्तक मी हौसेने वहिनींकडेच पाठवले होते. संध्याकाळी गेलो तेव्हा त्या पोळ्या लाटत होत्या. "कशाला एवढा त्रास घेतलात, भाऊजी?" त्या म्हणाल्या. हा प्रश्न आपल्याकडे आभार मानण्यासाठी विचारतात, असे मी धरून चाललो. त्यांनी तो पुन्हा एकदा विचारला, लाटणे थांबवून. मी म्हणालो, "त्रास कसला, घरचंच काम आहे." आमच्या अहवालात त्या वर्षी त्यांच्याइतका नियमित वाचक दुसरा नव्हता. त्या वर्षी त्या भाजी आणि दवाखाना सोडून कुठेही गेल्या नव्हत्या.

मग त्यांनी एक वाट काढली. जुन्या मासिकांचे बांधीव खंड आमच्याकडे घरी देत नाहीत. ते तिथेच बसून वाचावे लागतात. अशा एका खंडात फार सुरेख क्रमशः कादंबरी आहे, रोज थोडी वाचून येते आणि तुम्हांला सांगते, असे त्यांनी आईला सांगितले. पुन्हा संध्याकाळची पिशवी खांद्याला लागली. कादंबरीतली यमुना सासरहून धाकट्या बहिणीच्या लग्नाला निघालेली होती. खाडीवर आली तर होडीचा तरवाला जेवायला गेलेला. पलीकडे पोचली तर बैलगाडीचा आस मोडलेला. मग वाटेतल्या गावात एका बाळंतिणीपाशी कोणीच नाही, म्हणून यमुना तिथे अडकली. मी एकदोनदा हे ऐकले आहे. वहिनी तांदूळ निवडत सांगत, आणि आई उशीवरून मान उचलून विचारी, "पोचली काय गो ती?"

"अजून नाही. नदीला पाणी चढलंय."

"लग्न तरी थांबवतील काय तिच्यासाठी?"

"बघू या. उद्या वाचते."

एवढा उत्साही वाचक आपल्या घरात असावा याचा मला अभिमान वाटला. त्यांना रोजची पायपीट का, असा विचार करून मी मंडळाकडून खास परवानगी घेतली आणि एका रविवारी तो जाडजूड खंड वर्तमानपत्रात गुंडाळून स्वतः दादाकडे नेला. आईने लगेच म्हटले, "वाच गो यमुनेचं." वहिनींनी खंड मांडीवर घेतला आणि त्या पाने उलटत राहिल्या. "वाच ना," दादा म्हणाला, "एवढा ठोकळा उचलून आणलाय त्याने." त्या म्हणाल्या, "यात नाही ती." मी तत्परतेने विचारले, "मग कुठल्या वर्षाच्या खंडात? सगळे आहेत आपल्याकडे. सांगा, उद्या आणतो." त्यांनी माझ्याकडे पाहिले. ती नजर रागाची असती तर मला सोपे गेले असते. त्यांनी खंड मिटला आणि म्हणाल्या, "कुठल्याच नाही. मीच सांगत होते."

दादा चकित झाला. "म्हणजे? मग तिथे जाऊन करत काय होतीस?"

"बसत होते."

"बसत होतीस? आणि बसायला घरात जागा कमी पडते?"

"तू गप रे," आई म्हणाली. सगळे क्षणभर माझ्याकडे पाहत होते, निदान मला तसे वाटले. वाचनालयाचा मी चिटणीस. माणसे तिथे नुसती बसायलाही येतात, दादा, आणि त्यासाठीही ते आहे, एवढेच मला म्हणायचे होते. मी वर्तमानपत्राची घडी घातली आणि म्हणालो, "चहा छान झालाय."

त्यानंतर वहिनींना कोणी जाऊ नको म्हटले नाही. बंदी असती तर तिच्याविरुद्ध काही बोलता तरी आले असते. नुसती एकदा विचारणा झाली, आणि तेवढी पुरली. शिपाई पुस्तके देत राहिला, वहिनी ती आईला वाचून दाखवत राहिल्या. काही दिवसांनी मी तिथे असताना आईने हळूच विचारले, "त्या यमुनेचं काय झालं गो?" वहिनी तिची कूस बदलत होत्या. उशी नीट करून त्या म्हणाल्या, "परत फिरली ती." आईने त्यांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मी आमच्या ग्रंथपालांना, तळेकरांना, नंतर कधीतरी विचारले होते, की वहिनी तिथे काय करीत. ते जरा संकोचाने म्हणाले, "महिला विभागातल्या खिडकीपाशी बसायच्या. मी दोनचारदा मासिक नेऊन दिलं. त्या घ्यायच्या, मांडीवर ठेवायच्या, जाताना तसंच परत द्यायच्या."

आई गेली. दिवसकार्ये झाली. महिनाभराने मी वहिनींना म्हणालो, "आता तुम्ही मोकळ्या आहात. या की वाचनालयात." त्या वाटाणे सोलत होत्या. त्यांनी एक शेंग सोलून पुरी केली. "या वयात कसली चोरी, भाऊजी... पण आता काय सांगून निघू?" मला वाटले त्या थट्टा करताहेत. मी हसलो. त्याही थोड्या हसल्या, मला अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून. त्या आल्या नाहीत. जिला इतकी वर्षे घराबाहेर पडायला कारण लागले, तिचे कारण गेल्यावर दार उघडे राहिले काय आणि मिटले काय... हे मला आज कळते. त्या दिवशी मी घरी जाऊन पत्नीला सांगितले, की वहिनींची वाचनाची गोडी आता कमी झालेली दिसते.

गेल्या आठवड्यात दादा प्रथमच वाचनालयात आला. दाढी वाढलेली, हातात छत्री, उन्हाळा असूनही. "ती बसायची कुठे?" त्याने विचारले. मी त्याला कमरेएवढ्या लाकडी पार्टिशनच्या आत, महिला विभागात नेले. खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती. तो बसला नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून, वाकून त्याने बाहेर पाहिले. समोरच्या इमारतीची मागची भिंत, मोऱ्यांचे पाइप, एक बंद खिडकी.

"इथून दिसतं काय?"

"काही नाही," मी म्हणालो.

"मग?"

तेवढ्यात भाजीची पिशवी घेतलेली एक बाई आत आली आणि आम्हा दोघा पुरुषांना तिथे पाहून थबकली. आम्ही घाईने पार्टिशनच्या बाहेर आलो. बाईने पिशवी पायाशी ठेवली, खुर्ची थोडी भिंतीकडे वळवली आणि ती बसली. टेबलावरच्या वर्तमानपत्राला तिने हात लावला नाही. तळेकरांचे लक्ष गेले. ते उठले, कपाटातून नवे मासिक काढून तिच्याकडे निघाले. वाचकाची गरज त्याने सांगण्याआधी ओळखावी, हे मीच त्यांना शिकवले आहे. ते माझ्यासमोरून जाऊ लागले तेव्हा मी त्यांचा हात धरला. "राहू द्या," मी हलक्या आवाजात म्हणालो. "त्यांना काही विचारू नका." तळेकर मासिक हातात घेऊन थांबले. दादा तिथेच उभा राहिला, त्या बाईच्या पाठीकडे पाहत, ती उठून जाईपर्यंत.